रिकाम्या जागेखालची सतरा पत्रं

कारा-बाल्टा, २० मार्च २०२३

आदिलेत,

अता गेले, आपले वडील आता नाहीत, हे तुला मावशीच्या झामिरने सांगितलंच असेल. तिकडे परदेशात तुमचे दोघांचे ट्रक एकाच आवारात उभे असतात असं मावशी म्हणत होती. सात फेब्रुवारीला सकाळी गेले. आदल्या दिवशी छाती भरल्यासारखी वाटते म्हणाले. दवाखान्यात नेते म्हटलं तर हात झटकला. खारा चहा मागितला, दूध जास्त घालून. तो अर्धाच प्यायले.

पत्र झामिरच्या पत्त्यावर पाठवतेय. फोनवर मी तुला जे बोलले त्याला आठ वर्षं होऊन गेली, पण माझा आवाज तुला अजून नकोच असणार. ईमेल का नाही केला म्हणशील, तर तो विषय राहू दे.

कामाचं सांगते. वालेन्तिना पेत्रोव्ना आल्या होत्या. तुला आठवत असतील, अतांबरोबर खिंडीतल्या ठाण्यावर बर्फाची मापं घ्यायच्या, आणि खाली आल्या की तुला रास्पबेरीचा मुरंबा द्यायच्या. खिंडीतल्या रस्त्यावर छत बांधायचं ठरलंय, वरून कोसळणारं बर्फ गाड्यांवर न पडता पलीकडे जावं म्हणून. ते कुठून कुठपर्यंत बांधायचं हे ठरवायला वीस वर्षांत बर्फाचा कडा नेमका कुठे कुठे खाली आला ते हवंय. जुन्या वह्या तळघरात पाण्यात गेल्या. पण अता रोज संध्याकाळी ठाण्यावरून ईमेल करायचे. ते सगळे त्यांच्या मेलबॉक्समध्ये असणार, आणि मी प्रोग्रामर, तेव्हा मीच ते शोधून लावून द्यावेत असं त्यांचं म्हणणं.

तू बिश्केकला शिकत होतास तेव्हा अता तुलाही लिहायचे. तापमान किती, बर्फ किती पडलं, कडा पाडायला तोफ किती वेळा उडवली. ती पत्रं तुझ्याकडे असली तर वालेन्तिना पेत्रोव्नांना पाठव. पत्ता खाली दिलाय. माझ्याशी बोलायची गरज नाही.

मयताच्या तंबूबाहेर काठी टेकून रडायला धाकटा मुलगा लागतो. अपाच्या, आपल्या आईच्या, मातीला तू आला नव्हतास; तेव्हासारखाच या वेळीही काकांचा मुलगा उभा राहिला. टोचायला लिहीत नाही. कोण उभं होतं ते तुला माहीत असावं.

बेगायिम


१३ एप्रिल

आदिलेत,

झामिर म्हणाला, पत्र हातात दिलं, तू न फोडता खिशात घातलंस. ठीक आहे.

मेलबॉक्समध्ये एकोणीस हजार चारशे मेल निघाले. आधी नुसतं शोधून पाहिलं. 'बर्फ' टाकलं तर अकरा हजार आले. 'कोसळलं' टाकलं तर नऊशे, पण त्यात आपल्या न्हाणीचं छप्पर कोसळलं तेही आलं, आणि साबीर काकांचं लग्न मोडलं तेही, कारण अतांनी तसंच लिहिलं होतं. मग विषयाच्या ओळीवरून गट पाडले. तो तर त्याहून मोठा गोंधळ. अतांची सवय तुला माहीत नसेल. नवीन पत्र लिहायचं झालं की समोर जो मेल दिसेल तो उघडायचा, उत्तराचं बटण दाबायचं आणि त्यातच लिहायला बसायचं. त्यामुळे २०११च्या सगळ्या हिवाळ्याची मापं 'आठ मार्चच्या शुभेच्छा' या विषयाखाली आहेत.

वालेन्तिना पेत्रोव्नांना दाखवलं तर म्हणाल्या, "म्हणजे तुझा बाप चार महिने मला महिला दिनाच्या शुभेच्छा देत होता, आणि मी मूर्खासारखी त्याला वाऱ्याचा वेग कळवत होते!"

विषयाची ओळ मग टाकूनच दिली. प्रत्येक मेलच्या पोटात एक क्रमांक असतो, वाचणाऱ्याला तो दिसत नाही. उत्तर पाठवलं की ज्या मेलला ते उत्तर आहे त्याचा क्रमांक त्याच्यासोबत जातो. माझा प्रोग्राम हे क्रमांक जुळवतो आणि साखळ्या लावतो. कोण काय म्हणालं, त्यावर कोणी काय उत्तर दिलं, तारखेनुसार. ज्याला उत्तर दिलंय तो मेलच सापडला नाही, तर प्रोग्राम त्याच्या नावाची जागा रिकामी ठेवतो आणि उत्तर तिच्याखाली लावतो.

आज दुपारी सगळ्या मेलबॉक्सवर चालवला. सगळ्या म्हणजे, एक फोल्डर मी वगळला होता.

साखळ्या बहुतेक ठाण्याच्या होत्या. थोड्या निवृत्तिवेतनाच्या, थोड्या बुद्धिबळाच्या. एका साखळीत सतरा पत्रं होती, सतराही अतांची. ऑगस्ट २०२१पासून या जानेवारीपर्यंत. सगळी रिकाम्या जागांखाली लावलेली, आणि प्रत्येकाच्या खाली यंत्राने पाठवलेलं तेच उत्तर, की हा पत्ता आता अस्तित्वात नाही.

पत्ता तुझा होता.

मी कॉम्प्युटर बंद केला. गुरुवार आहे, कणकेचे बोरसोक तळायचे होते. तेलाचा वास गेलेल्यांपर्यंत पोचतो म्हणतात ना. तळले. अर्धे करपवले.

बेगायिम


२१ एप्रिल, ईद

आदिलेत,

सकाळपासून माणसं येऊन गेली. सगळ्यांनी अतांसाठी दुवा मागितली, चहा घेतला, मी किती सेवा केली ते माझ्या तोंडावर सांगितलं. मी मान खाली घालून ऐकलं. आता घरात कोणी नाही.

वगळलेल्या फोल्डरचं तू विचारणार नाहीस. मीच सांगते.

अपाचा चाळिसावा दिवस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अतांच्या मेलबॉक्सला एक नियम लावला. तुझ्या पत्त्यावरून काहीही आलं की ते सरळ 'जुनी परिपत्रकं' नावाच्या फोल्डरमध्ये जाईल, वाचलेलं आहे अशी खूण होऊन. घरच्या कॉम्प्युटरवर तो फोल्डर दिसू नये याचीही सोय केली. अर्ध्या तासाचं काम. आदल्या रात्री तुझं एक पत्र आलं होतं, अतांनी अजून पाहिलं नव्हतं, तेही उचलून त्यात टाकलं. अता तेव्हा बाहेर लाकडं फोडत होते.

तू फोन केलास, 'एजे' म्हणालास, थोरल्या बहिणीला नेहमी म्हणायचास तसं, तेव्हा मी म्हणाले होते, "अतांना तुझं नावसुद्धा ऐकायचं नाही. पुन्हा करू नकोस." अतांनी असं काहीही म्हटलं नव्हतं. तोफेने त्यांचे कान गेलेले, फोनवर त्यांना काय ऐकू येणार? फोन आला होता हेसुद्धा त्यांना कळलं नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्यांच्या काळजासाठी केलं. तुझ्या पहिल्या पत्रानं ते दोन दिवस जेवले नसते, पडले असते, असं. खरं नाही ते. धाकट्या मुलाने आईबापाजवळ राहायचं, मुलीनं जायचं. मी अल्माटीतली नोकरी सोडून उलटी परत आले. अपाला मी उचलून न्हाणीत नेत होते. आणि तिला मातीत ठेवून आलो त्या संध्याकाळी अतांनी मला पहिली गोष्ट काय विचारली असेल? "आदिलेतचं काही आलं का?" दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चाळीस दिवस. मला एकदाही विचारलं नाही की पोरी, तू जेवलीस का.

म्हणून केलं.

तो प्रश्न ते पुढे वर्षभर विचारत होते. मी "नाही" म्हणत होते. मग त्यांनी विचारायचं सोडलं.

आज तो नियम काढून टाकला. फोल्डर प्रोग्रामला दाखवला. एका मिनिटात सगळ्या रिकाम्या जागा भरल्या. तुझी त्रेसष्ट पत्रं आहेत. पहिलं ३० ऑक्टोबर २०१४, शेवटचं ३ मार्च २०१९. मी तारखा पाहिल्या, पत्रं वाचलेली नाहीत. एवढ्यापुरता तरी माझ्यावर विश्वास ठेव, नाहीतर नको ठेवूस.

बेगायिम


६ मे

आदिलेत,

अतांना ती पत्रं कशी सापडली हे मला समजत नव्हतं. माहीत असेल तर एकाच माणसाला असणार, म्हणून वालेन्तिना पेत्रोव्नांकडे गेले. दार उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सापडली वाटतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आत ये. चपला काढ आधी, फरशी आत्ता पुसलीय."

त्यांनी चहा ओतला. मग म्हणाल्या, "त्या ऑगस्टात तुमचा कॉम्प्युटर बिघडला होता ना? तुझा बाप, कुबानिच, आला, मला म्हणाला, वाल्या, माझा मेल तुझ्याकडे उघडून दे. दिला. बाजूला फोल्डरची यादी आली. म्हणतो, 'जुनी परिपत्रकं'? मला ठाण्यावरून काढून सहा वर्षं झाली, मला कोण परिपत्रकं पाठवतंय? आणि दाबलं."

"मग?"

"मग काय! त्या खुर्चीवर तीन दिवस. नऊला यायचा, चारला जायचा. तुला काय सांगायचा?"

"तुमच्या बागेला पाणी घालायला जातो म्हणून."

"माझ्या बागेत त्या वर्षी एक टोमॅटो धरला नाही."

मी विचारलं, "मला का बोलले नाहीत?"

"ते त्यानं लिहून ठेवलंय, वाच. मला कशाला विचारतेस?"

"तुम्ही तरी बोलायचं होतंत."

त्यांनी कप खाली ठेवला. "हे बघ पोरी, सव्वीस वर्षं मी त्या माणसाबरोबर बर्फात काढली. तो म्हणाला बोलू नकोस, मी बोलले नाही. आणि खरं ऐकायचंय? दोन वर्षं तुझं तोंड बघायची इच्छा नव्हती मला. बाजारात तू समोरून आलीस की मी कांदे निवडत बसायचे."

"तरी मापं मागायला आलात."

"तूच शोधावंस असं वाटलं. मी येऊन सांगितलं असतं तर तू माझ्याशी भांडली असतीस, त्याच्याशी नाही, स्वतःशी तर नाहीच."

"म्हणजे छताचं खोटं होतं?"

"छत कशाला खोटं असेल! सप्टेंबरात खोदायला घेणार आहेत. मापं मला हवीच आहेत, आणि तू अजून २००८ दिलेलं नाहीस." मग त्यांनी मुरंब्याची बशी माझ्याकडे सरकवली आणि तोंड खिडकीकडे वळवून बसल्या. त्यांचे खांदे हलत होते. मी उठून जवळ गेले तर म्हणाल्या, "बस तिथंच. मला हात लावू नकोस आज."

मी बसले. मुरंबा खाल्ला. खाल्ला नसता तर त्यांना आणखी वाईट वाटलं असतं.

बेगायिम


२० मे

आदिलेत,

वेगळ्या पाठवलेल्या खोक्यात ऐंशी पत्रं छापून ठेवली आहेत, साखळीच्या क्रमाने. तुझं पत्र, त्याला अतांनी पुढे कधीतरी उत्तर दिलं असेल तर ते लगेच त्याच्याखाली. तुझी छापून, उलटी करून ठेवली. अतांची सतरा मात्र मी वाचली. ती तुला होती, मला नव्हती, तरी वाचली.

खोकं पोचायला महिना लागेल. वाटेत हरवेलही. म्हणून त्यातलं थोडं हातानं उतरवून देते.

२४ ऑगस्ट २०२१चं, पहिलं.

"सकाळी अठरा अंश. आकाश निरभ्र. वारा नाही.

आदिलेत, बाळा, तुझी त्रेसष्ट पत्रं एकदम वाचली. तीन दिवस लागले. मला ती आधी मिळाली नाहीत. मी रागावलो होतो म्हणून उत्तर दिलं नाही असं तू छपन्नाव्या पत्रात लिहिलंस, ते चूक आहे. रागावलो होतो, पण उत्तर दिलं असतं.

तुझे कागद तिथल्या न्यायालयात अडकले होते, निघाला असतास तर परत जाता आलं नसतं, हे तू बेगायिमला फोनवर का सांगितलं नाहीस? सांगितलं असतंस तरी ती रागावलीच असती. पण कारण माहीत असून रागावली असती. आणि तू लिहितोस की कागद गेले चुलीत, मी यायलाच हवं होतं. होय. यायला हवं होतंस. हे मी तुला लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

पत्रं कोणी बाजूला ठेवली ते मला कळलं आहे. मी तिला बोलणार नाही. बोललो तर ती घर सोडून जाईल. मला ऐकू येत नाही, एकट्याला राहता येणार नाही. हा भित्रेपणा आहे. तूही तिला बोलू नकोस."

१९ सप्टेंबर २०२१.

"अकरा अंश. वर पहिलं बर्फ, दोन सेंटिमीटर.

मुलगी झाल्यावर तू मला नाव विचारलं होतंस. दोन महिने थांबलास आणि मग तुम्हीच मदीना ठेवलंत. चांगलं नाव आहे. मी आयपेरी म्हणालो असतो. ती आता चार वर्षांची असेल, आता बदलता येत नाही. पण कधी दुसरी मुलगी झाली तर लक्षात ठेव."

४ डिसेंबर २०२२.

"उणे नऊ. नवीन बर्फ सहा.

आज बेगायिमने माझी नखं कापली. मला आता नीट दिसत नाही. तिचं डोकं खाली वाकलेलं होतं, केस बरेच पांढरे झालेत. मी विचारायचं ठरवलं. तोंड उघडलं. ती ओरडली, हलू नका, लागेल. मी विचारलं नाही."

तो दिवस मला आठवतो, आदिलेत. मला वाटलं, त्यांना जांभई आली.

मी दीड वर्ष त्यांच्यासमोर जेवत होते, आणि त्यांना माहीत होतं. वहीत मोठ्या अक्षरांत लिहून मी त्यांना रोजच्या गोष्टी सांगायचे, वीज गेली, गाय व्याली, भाव वाढले. ते वाचायचे, मान डोलवायचे. माहीत असताना. एकदा मी चिडून लिहिलं, 'तुमच्या लाडक्या धाकट्यानं आठ वर्षांत दोन ओळी तरी लिहिल्या का?' त्यांनी ते पान वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "चहात मीठ कमी आहे."

शेवटचं पत्र या वर्षीच्या अकरा जानेवारीचं.

"उणे चौदा. नवीन बर्फ अकरा.

हेही परत येणार. वाल्या म्हणते, मग लिहितोस कशाला. तू वाचशील असं वाटून लिहीत नाही आता. लिहिलं की तू समोर बसल्यासारखा वाटतोस, तेवढ्यासाठी लिहितो. पाय सुजतात. बाकी ठीक. बेगायिमला मी गेल्यावर एकटं वाटेल. तिला तुझ्याशिवाय कोणी नाही, हे तिला मान्य नसलं तरी."

एवढंच उतरवलं. बाकीचं खोक्यात.

मी माफी मागत नाहीये. माफी मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, हो किंवा नाही. तुझ्यावर तेवढंही ओझं नको.

बेगायिम


२ जुलै

आदिलेत,

झामिरने कळवलं, खोकं पोचलं. तू ते ट्रकच्या केबिनमध्ये ठेवलंस आणि दोन फेऱ्या रद्द केल्यास, गाडी बिघडली असं मालकाला सांगून. आवारात गाडी उभी होती, तू आत होतास. तिसऱ्या दिवशी मदीनाला शाळेतून आणायची वेळ झाली तेव्हा उतरलास. एवढंच तो म्हणाला. मी आणखी विचारलं नाही.

मापांचं काम संपलं. २००८ही सापडलं. ते सगळं साबीर काकांच्या लग्नाखाली होतं. कडा दोनशे चौदा वेळा कोसळला, प्रत्येकाची तारीख, जागा आणि रुंदी. वालेन्तिना पेत्रोव्नांनी यादी घेऊन अभियंत्यांना दिली, आणि छत आधी ठरलं होतं त्याच्यापेक्षा चारशे मीटर लांब बांधायचं ठरलं. चारशे मीटर कुबानिचचे, म्हणाल्या. मग म्हणाल्या, चल, आत येऊन चहा घे. त्या मुरंब्याच्या दिवसानंतर पहिल्यांदा त्यांनी असं आपणहून म्हटलं.

काल शेवटची यादी पाठवायला मी अतांचा मेलबॉक्स उघडला. नवीन काही येईल असं कोणाला वाटणार? ठळक अक्षरांत एक मेल होता, न वाचलेला. पत्ता नवा, नाव तुझं. विषयाच्या ओळीत काही नाही. अतांच्या अकरा जानेवारीच्या पत्रातली एकही ओळ त्याला जोडलेली नव्हती, कुठलाही जुना क्रमांक त्यासोबत नव्हता, त्यामुळे प्रोग्रामने तो कशालाच जोडला नाही, वेगळा ठेवला. माझ्या हातात होतं, मी ओढून साखळीत लावू शकले असते.

नाही लावला. उघडलाही नाही. ते पत्र अतांना आहे.

मी कॉम्प्युटर तसाच उचलला आणि वालेन्तिना पेत्रोव्नांकडे गेले. म्हटलं, पासवर्ड बदला. मला दाखवू नका. त्या म्हणाल्या, "खात्रीनं म्हणतेस? नंतर मला विचारायला येशील." मी म्हटलं, आले तर देऊ नका. मला बाहेर अंगणात उभं करून त्यांनी तो बदलला, कागदावर लिहिला, पाकिटात घातला. डिंक संपला होता म्हणून कणिक लावून चिकटवलं. म्हणून कड जाड झालीय.

ते पाकीट या पत्रासोबत आहे. मेलबॉक्स आता तुझा. त्यात एक पत्र आहे, कोणी वाचलेलं नाही.

एजे